वर्गसमीकरणाची शून्यं सूत्रानं कशी काढायची: ग्वाल्हेरच्या एका बागेवरून

किल्ल्यावर पूर्वेकडून, ग्वाल्हेर दरवाजानं पायी चढायला लागलं की वाटेत एका अखंड खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. गाडीनं उरवाईकडून जाणाऱ्यांना ते दिसत नाही, त्यामुळे ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात आयुष्य गेलेल्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेलं नसतं. तिथे विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोजच्या ५० माळांची सोय, अशी नोंद त्यात आहे. २७० आणि ५० मधली शून्यं अगदी आपल्यासारखी, फक्त शेजारच्या अंकांपेक्षा जरा लहान.

माझ्याकडे दहावीची मुलं गणिताला येतात, तेव्हा सूत्राच्या आधी मी ही बाग सांगते. समजा, लेखातली लांबी-रुंदी झिजून गेली असती आणि एवढंच वाचता आलं असतं: बागेचं क्षेत्रफळ ५०४९० चौरस हात, आणि लांबी रुंदीपेक्षा ८३ हात जास्त. तर रुंदी शोधता आली असती का? आली असती. कशी, ते सांगायलाच हा लेख आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण आपल्या इथल्या मराठी घरांत तो फार होतो. मूल शाळेत हिंदीतून शिकतं आणि पुण्याची आत्या मराठी पुस्तक पाठवते. शाळेतलं ‘द्विघात समीकरण’ म्हणजे मराठी पुस्तकातलं ‘वर्गसमीकरण’. ‘शून्यक’ म्हणजे ‘शून्य’. ‘विविक्तकर’ म्हणजे ‘विवेचक’, आणि ‘परवलय’ म्हणजे ‘अन्वस्त’. गणित एकच आहे, घाबरू नका. पुस्तकात ए, बी, सी ही इंग्रजी अक्षरं असतात, त्यांच्या जागी मी इथे अ, ब, क लिहिते. अज्ञात संख्येला ‘य’ म्हणते. भास्कराचार्य अज्ञाताला ‘यावत्‌तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत, तेव्हा हे अक्षर काही परकं नाही.

शून्य म्हणजे नेमकं काय?

शिलालेखातलं शून्य हा अंक आहे. फलनाचं शून्य ही वेगळी गोष्ट आहे: ‘य’च्या जागी जी किंमत घातली की सगळ्या राशीचं उत्तर ० येतं, ती किंमत. ती किंमत स्वतः ० असायला हवी असं मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं इथेच अडखळतात.

तीन मजली वाड्याच्या गच्चीवरून, म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, कुणी चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगानं सरळ वर फेकला. गुरुत्व हिशेबाच्या सोयीसाठी १० धरलं, तर ‘य’ सेकंदांनंतर चेंडूची जमिनीपासूनची उंची अशी:

१० + ५य − ५य²

य = १ घातलं तर उंची १०, म्हणजे चेंडू पुन्हा गच्चीच्या पातळीला आलाय. य = २ घातलं तर १० + १० − २० = ०. चेंडू अंगणात टेकला. म्हणून २ हे या फलनाचं एक शून्य. आलेख काढलात तर वक्र आडव्या अक्षाला जिथे छेदतो ती जागा म्हणजे शून्य. वर्गफलनाचा वक्र अक्षाला दोनदा छेदतो, नुसता टेकून जातो, किंवा मुळीच शिवत नाही. यापलीकडे चौथी शक्यता नाही.

आता सूत्र. अय² + बय + क = ० असेल आणि अ शून्य नसेल, तर

य = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ

एकदा मोठ्यानं म्हणा: ‘उणे ब, अधिक-उणे वर्गमुळात ब-वर्ग उणे चार अ क, सगळ्याला भागिले दोन अ.’ त्यातलं ‘सगळ्याला’ फार महत्त्वाचं. भागाकाराची रेघ वर्गमुळाच्याच खाली नव्हे, ‘उणे ब’च्याही खालून जाते. वहीत ती रेघ पट्टीनं ओढायला लावते मी, लांब. आखूड रेघेनं घालवलेले गुण मी इतके पाहिलेत की आता रेघ आखूड दिसली की उत्तर न बघताच मुलाला थांबवते.

चूक सूत्राच्या आधी होते

एवढ्या वर्षांत मला कळलेली एकच गोष्ट सांगायची तर ती ही: सूत्र सगळ्यांना दोन दिवसांत पाठ होतं आणि चुका सूत्राच्या आधीच्या दोन ओळींत होतात. त्या ओळी मुलं लिहीतच नाहीत.

माझ्या एका विद्यार्थिनीला हे उदाहरण दिलं होतं:

२य² + ३ = ७य

हुशार मुलगी, सूत्र मुखपाठ. तिनं दिसतील तशा संख्या उचलल्या: अ २, ब ३, क ७. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली असलेलं ब² − ४अक, आला ९ − ५६ = −४७. ‘बाई, याला शून्यंच नाहीत,’ म्हणाली, आणि पुढचं गणित घेतलं. मी तिला ‘य’च्या जागी ३ घालून बघ म्हटलं. डावीकडे १८ + ३ = २१, उजवीकडे २१. शून्य तर समोरच बसलेलं होतं. ती पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ वहीकडे बघत राहिली. हिशेबात तिची एकही चूक नव्हती. पहिली ओळ तेवढी गाळली होती.

तेव्हा पहिली पायरी: सगळी पदं एका बाजूला आणा, दुसरीकडे फक्त ० ठेवा. बाजू बदलली की चिन्ह बदलतं. पदं उतरत्या घातांकानं लावा: आधी य², मग य, मग सुटी संख्या.

२य² − ७य + ३ = ०

दुसरी पायरी: अ, ब, क वेगळ्या ओळीत, चिन्हासकट लिहा.

अ = २, ब = −७, क = ३

चिन्ह संख्येचाच भाग आहे, तिच्यापासून तोडू नका. एखादं पद नसेल तर तिथे ० लिहा: य² − ९ = ० मध्ये ब = ०. नुसतं य² असेल तर अ = १.

तिसरी पायरी: विवेचक आधी, वेगळा काढा. पूर्ण सूत्रात एकदम किमती घालायचा मोह आवरा.

ब² − ४अक = (−७)² − ४ × २ × ३ = ४९ − २४ = २५

(−७)² असं कंसात लिहा. कंस नसला तर हात आपोआप −४९ लिहितो. कॅल्क्युलेटरवर कंसाशिवाय −७² दाबलंत तर बहुतेक यंत्रंही −४९ च दाखवतात, कारण ती आधी वर्ग करतात आणि मग उणे लावतात. आणि अ अधिक, क उणे असेल तर −४अक हे अधिक होतं, तेही इथेच सावकाश बघून घ्या.

चौथी पायरी: वर्गमूळ घ्या, सूत्रात ठेवा. √२५ = ५. आता −ब म्हणजे −(−७), म्हणजे +७.

य = (७ ± ५) ÷ ४

पाचवी: ± हे चिन्ह म्हणजे दोन वेगळी गणितं आहेत. दोन ओळी करा.

(७ + ५) ÷ ४ = ३
(७ − ५) ÷ ४ = १/२

सहावी: पडताळा. दोन्ही शून्यांची बेरीज −ब ÷ अ एवढी आणि गुणाकार क ÷ अ एवढा यायला हवा. इथे बेरीज ३ + १/२ = ७/२, आणि −ब ÷ अ पण ७/२. गुणाकार ३/२, क ÷ अ पण ३/२. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. परीक्षेत वेळ नसतो असं मुलं म्हणतात, पण चुकीचं उत्तर नीटनेटकं लिहून काढायला याहून जास्त वेळ जातो.

आता बाग

रुंदी य हात, लांबी य + ८३ हात. क्षेत्रफळ ५०४९०.

य(य + ८३) = ५०४९०
य² + ८३य − ५०४९० = ०

अ = १, ब = ८३, क = −५०४९०. इथे क उणे आहे, म्हणून विवेचकात बेरीज होणार:

८३² + ४ × ५०४९० = ६८८९ + २०१९६० = २०८८४९

याचं वर्गमूळ कॅल्क्युलेटरशिवाय? ४५०² = २०२५०० आणि ४६०² = २११६००, म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये. संख्येच्या शेवटी ९ आहे, म्हणजे मुळाच्या शेवटी ३ किंवा ७. ४५३ आणि ४५७ हे दोनच उमेदवार उरले. ४५३² = २०५२०९, कमी पडतं. ४५७² = २०८८४९. बरोबर.

य = (−८३ ± ४५७) ÷ २

एक उत्तर ३७४ ÷ २ = १८७. दुसरं −५४० ÷ २ = −२७०. रुंदी उणे असू शकत नाही, म्हणून १८७ हात, आणि लांबी २७०. शिलालेखातल्याच संख्या हाती आल्या. वर्गात ही ओळ फळ्यावर उमटते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण मला खरं प्रेम त्या ४५७ वर आहे. २७० आणि १८७ ची बेरीज करा. ४५७! हा योगायोग नाही, आणि सूत्रात ४ कुठून आला याचं उत्तर इथेच दडलंय.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर एकसारख्या चार घ्या. जमिनीवर त्या भिंगरीसारख्या मांडा: पहिली आडवी, तिच्या टोकाला दुसरी उभी, मग तिसरी आडवी, चौथी उभी, अशी फेरी पूर्ण करा. बाहेरून एक मोठा चौरस तयार होतो आणि मधोमध एक चौकोनी भोक राहतं. मोठ्या चौरसाची बाजू म्हणजे पत्रिकेची लांबी अधिक रुंदी. मधल्या भोकाची बाजू म्हणजे लांबी उणे रुंदी. म्हणजे मोठा चौरस = मधला चौरस + चार पत्रिका. आता पत्रिकेच्या जागी बाग ठेवा:

४५७² = ८३² + ४ × ५०४९०

विवेचक म्हणजे हाच तो मोठा चौरस. बेरीज कळली ४५७, वजाबाकी माहीतच होती ८३, म्हणजे रुंदी (४५७ − ८३) ÷ २. सूत्र बागेच्या भाषेत एवढंच सांगतं. हे मुलांना पाठ करायला सांगू नका. पत्रिका हातात द्या आणि मांडू द्या.

श्रीधराचार्यांची युक्ती

आपल्याकडच्या हिंदी पुस्तकांत या सूत्राला श्रीधराचार्य सूत्र म्हणतात. त्याच्याही आधी, इसवी सन ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी वर्गसमीकरणाचं एक मूळ, म्हणजे एक शून्य, काढायची रीत दिली होती. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. त्यांचा नियम कळतो तो भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात उद्धृत केला म्हणून. नियम असा: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणा, अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा, मग मूळ घ्या. आपल्याच उदाहरणावर करून बघू.

२य² − ७य = −३

अ = २, त्याची चौपट ८. दोन्हीकडे ८ नं गुणा:

१६य² − ५६य = −२४

ब चा वर्ग ४९. दोन्हीकडे मिळवा:

१६य² − ५६य + ४९ = २५

डावी बाजू आता पूर्ण वर्ग झाली:

(४य − ७)² = २५

म्हणून ४य − ७ = ५ किंवा −५, आणि य = ३ किंवा १/२. संख्यांच्या जागी अ, ब, क ठेवून हेच करा: (२अय + ब)² = ब² − ४अक. इथून सूत्र एका ओळीवर आहे. हे दोनतीनदा स्वतःच्या हातानं केलेला मुलगा परीक्षेत सूत्र विसरला तरी बसल्या जागी परत उभं करतो. चौपटीनं गुणायची सोय अशी की शेवटच्या ओळीपर्यंत अपूर्णांक येतच नाहीत.

विवेचक काय सांगतो

विवेचक अधिक असेल तर दोन शून्यं. तो पूर्ण वर्ग नसला तरी चालतं. य² − ४य + १ = ० घ्या. विवेचक १६ − ४ = १२, आणि √१२ = २√३.

य = (४ ± २√३) ÷ २ = २ ± √३

म्हणजे सुमारे ३.७३२ आणि ०.२६८. इथे २ नं फक्त ४ ला भागून ‘२ ± २√३’ लिहिणारे दर वर्षी भेटतात. वरच्या दोन्ही पदांना भागायचं, अर्धवट नाही. बागेसारखं मोजमाप असेल तर दशांशात लिहा, नुसतं गणित असेल तर √३ तसंच राहू द्या, ते जास्त अचूक आहे.

विवेचक ० असेल तर दोन्ही शून्यं एकाच जागी येतात. ४य² − १२य + ९ = ० मध्ये १४४ − १४४ = ०, य = १२ ÷ ८ = ३/२. आलेख अक्षाला नुसता टेकून परत फिरतो.

विवेचक उणे असेल तर वास्तव शून्य नाही. य² + २य + ५ मध्ये ४ − २० = −१६. ही राशी (य + १)² + ४ अशी लिहिता येते, म्हणजे तिची किंमत ४ च्या खाली कधी उतरतच नाही, मग ० ला पोचणार कुठून? अकरावीत संमिश्र संख्या येतील तेव्हा यालाही मुळं मिळतील, दहावीत ‘वास्तव मुळे नाहीत’ एवढं लिहून थांबा. पण थांबण्याआधी दुसऱ्या पायरीवर परत जाऊन अ, ब, क ची चिन्हं तपासा, त्या मुलीसारखं व्हायला नको.

दोन उत्तरांतलं कुठलं ठेवायचं?

शाब्दिक उदाहरणात सूत्र दोन उत्तरं देतं, निवड मात्र आपल्याला करावी लागते. ‘उणे आलं की खोडा’ हा नियम पुरत नाही. भास्कराचार्यांची दोन माकडांची उदाहरणं यासाठी मला फार आवडतात.

पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळताहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण किती?

(य ÷ ८)² + १२ = य
य² − ६४य + ७६८ = ०

विवेचक ४०९६ − ३०७२ = १०२४, मूळ ३२, म्हणून य = ४८ किंवा १६. ४८ धरा: आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६ धरा: आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही जमतात, दोन्ही ठेवायची.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक झाडावर दिसतंय. इथे य² − ५५य + २५० = ०, विवेचक ३०२५ − १००० = २०२५, मूळ ४५, उत्तरं ५० आणि ५. दोन्ही अधिक. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले तर −२. उणे दोन माकडं कशी मोजणार? भास्कराचार्यांनी म्हणूनच ५ सोडून दिलं. बघा, उत्तर अधिक असूनही सोडावं लागलं. तेव्हा दोन्ही उत्तरं समीकरणात न घालता मूळ गोष्टीत घाला, आणि वाक्यावाक्यानं वाचून बघा.

चेंडूचंही तसंच. १० + ५य − ५य² = ० ला −५ नं भागलं तर य² − य − २ = ०, विवेचक ९, शून्यं २ आणि −१. −१ म्हणजे फेकण्याच्या एक सेकंद आधी, तेव्हा चेंडू अजून हातातच होता, म्हणून २ ठेवायचं. भागून घेतल्यानं शून्यं बदलत नाहीत, कारण दुसऱ्या बाजूला ० आहे आणि ० ला शून्य सोडून कशानंही भागलं तरी ०. संख्या लहान होतात, चुका कमी होतात. मात्र हे समीकरणापुरतंच: उंची विचारली असेल तर मूळ राशीच वापरा.

आता वही घ्या आणि ही तीन उदाहरणं सहाही पायऱ्या लिहून सोडवा.

३य² = ५ − १४य
य² + ६ = ६य
एका अंगणाची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा १ मीटर जास्त आहे आणि क्षेत्रफळ १०५ चौरस मीटर आहे. रुंदी काढा.

पहिल्याचा विवेचक २५६, शून्यं १/३ आणि −५. दुसऱ्याचा १२, शून्यं ३ ± √३. अंगणाचं समीकरण २य² + य − १०५ = ०, विवेचक ८४१, त्याचं मूळ २९. रुंदी ७ मीटर, लांबी १५. दुसरं शून्य −१५/२ येतं. तुमचं वेगळं आलं असेल तर सूत्राकडे नंतर बघा, आधी अ, ब, क ची ओळ तपासा.